बेबीच्या शेवया आणि माझी छतरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या शेवया मी जाळल्या, ही अफवा आहे. शेवया जळल्या तेव्हा मी भिलाईच्या स्टील प्लँटमध्ये सेकंड शिफ्टला होतो आणि मला तिथं अख्ख्या खात्यानं पाहिलं होतं. शेवया सूर्यानं जाळल्या. पण सूर्यावर रागावून उपयोग नसतो, तो ऐकून घेत नाही. मी ऐकून घेतो. म्हणून इतकी वर्षं झाली, मध्य प्रदेशाचा छत्तीसगड झाला, आम्ही जागचे न हलता राज्य बदललं, पण आमच्या घरातल्या बायकांचा राग काही बदलला नाही. (माझाही बदललेला नाही. पण तो कोणी विचारात घेत नाही.)

सगळी सुरुवात पिंटू केबलवाल्यानं केली, त्यामुळे आधी राग त्याच्यावर. आमच्या वस्तीत, रुआबांध्यात, तेव्हा घरोघरी केबलचं वेड शिरलं होतं आणि पिंटूला डिश बसवायला उंच, मोकळं छत हवं होतं. आमचं छत तसं होतं. "भैया, आपकी छत, मेरी छतरी. कनेक्शन आपको फोकट," असा सौदा झाला. आमच्याकडे डिशला छतरीच म्हणायचे. आणि केवढी ती छतरी! पांढरी, फायबरची, आमचं सगळं कुटुंब मांडी घालून आत जेवायला बसलं असतं एवढी मोठी. तिच्या काठावरून तीन लोखंडी पाय वर निघायचे आणि मध्यावर जिथं ते एकत्र यायचे तिथं सिग्नल पकडणारा डबा लटकायचा. दोन-तीन वर्षांनी पिंटूचा धंदा वाढला, त्यानं पावर हाउसच्या बाजारात दुकान टाकलं, नवीन छतऱ्या घेतल्या, आणि डबा तेवढा काढून घेऊन म्हणाला, "ये आप ही रख लो भैया, यादगारी।"

"यादगारी म्हनजे काय वो?" बायको म्हणाली. "त्याले उतरवायची मजुरी द्यायची नाई, हे सरळ सांगाना!"

माझी बायको निर्मला गोंदियाची. तिला खरं एका वाक्यात बोलायची सवय आहे आणि त्याचा मला फार त्रास होतो.

इथं माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळे टोमणे शेवटी तिथंच येऊन पोचतात. मी प्लँटमध्ये भट्टीचं टेम्परेचर मोजायच्या खात्यात होतो. धगधगत्या भट्टीच्या खिडकीतून निळ्या काचेनं आत बघायचं आणि रंगावरून सांगायचं की लोखंड किती तापलंय, हे माझं कसब. अशा माणसाच्या छतावर एवढी मोठी वस्तू रिकामी पडून राहणं मला सहन होईना. पिंटूनं फेकली म्हणून काय झालं? डोकं असलेल्या माणसाला फेकलेली वस्तू मिळाली की तिचं सोनं होतं!

पहिलं सोनं मी कमळाच्या तळ्याचं केलं.

छतरी उताणी करून, मधलं भोक भट्टीच्या मातीनं बुजवून, तिच्यात पाणी भरलं. जुनवानीकडच्या एका तळ्यातून कमळाचे कंद आणले. कमळं आली नाहीत. डास आले. एवढे आले, की संध्याकाळी छतावर उभं राहिलं तर वीणावादनाचा कार्यक्रम चालू आहे असं वाटायचं. मग एक बेडूक आला. तो डास खाईल म्हणून मी त्याचं स्वागत केलं, पण तो फक्त ओरडायचा.

"बेबीच्या लग्नाले वऱ्हाडी येतीन का मलेरियावाले?" निर्मलानं विचारलं.

कारण बेबीचं लग्न ठरलं होतं. हीच ती खरी अडचण. बेबी म्हणजे माझी एकुलती एक धाकटी बहीण. (नाव चांगलं अरुंधती आहे, पण ते फक्त लग्नपत्रिकेत वापरलं.) बाबा गेल्यावर घरातलं हे पहिलंच कार्य, स्थळ तुमसरचं, माणसं चांगली. पण बघण्याच्या कार्यक्रमात मुलाची आई, म्हणजे आमच्या होऊ घातलेल्या विहीणबाई, चहाचा कप खाली ठेवता ठेवता बोलून गेल्या, "तुमी भिलाईवाले आता हिंदीच झाले म्हना. हातच्या शेवया-बिवया तिकडं कोन करते? दुकानातूनच आनत असान."

झालं! आमच्या आईनं त्या दिवसापासून दुसरा विषय काढला नाही.

"हिंदी झाले म्हने! मी हिंदी झाली? पोरीच्या रुखवतात हातच्या शेवया ठेवीन. हातभर लांब! अन् एक शेवई तुटलेली दिसली त नाव लावनार नाई!"

आता शेवया म्हणजे काय ते ज्यांना दुकानातली पुडीच माहीत आहे त्यांना कसं सांगू? गावाकडून खास गहू आणायचा, तो ओलवायचा, दळायचा, वस्त्रगाळ रवा काढायचा, तो मळून कुटून कुटून रेशमासारखा करायचा, मग उतरत्या पाटावर बसून तळहातानं घासत, ओढत एकेक तार सोडायची आणि खालच्या बाईनं ती हलकेच झेलून उन्हात बांबूवर वाळत घालायची. मुलीच्या लग्नाच्या शेवया तुटल्या तर अपशकुन, असं आईचं म्हणणं. मी म्हणालो, "आई, हे कोणत्या शास्त्रात आहे?" आई म्हणाली, "माह्या."

तर या शेवयांसाठी छत हवं होतं, आणि छतावर बेडूक होता.

तळं उपसावं लागलं. पण मी हरणाऱ्यातला नव्हतो. कुठंतरी वाचलं होतं की अशा तबकडीत आवाजही गोळा होतो. छतरी उभी करून, जिथं तो डबा लटकायचा तिथं कान नेला की लांबच्या झाडावरचा पक्षी खांद्यावर बसल्यासारखा ऐकू येतो. पक्षिनिरीक्षण हा किती सात्त्विक छंद! मी रविवारी सकाळी स्टूल घेऊन छतावर गेलो, लोखंडी पायांच्या मधोमध डोकं घातलं आणि डोळे मिटले. आधी नुसती सूं सूं. छतरी थोडी डावीकडे वळवली. आणि खरोखर, अगदी कानात, स्पष्ट आवाज आला. पण तो पक्ष्याचा नव्हता. निर्मलाचा होता. ती खाली मागच्या अंगणात भिंतीपलीकडच्या साहू भाभीशी बोलत होती.

"क्या बताऊँ भाभी, घर में शादी है और ये ऊपर छतरी में मुंडी डालके बैठे हैं।"

साहू भाभी म्हणजे आमच्या शेजारीण, अस्सल छत्तीसगढी आणि मनानं मोकळ्या. त्या म्हणाल्या, "बेच दे न बहिनी, कबाड़ी ला।"

"छतरी को?"

"अउ काला? आदमी ला थोड़े!"

"आदमी को कौन कबाड़ी लेगा भाभी!"

दोघी हसल्या. एवढ्या मोठ्यानं हसल्या की मी दचकून डोकं वर केलं ते लोखंडी पायावर आपटलं. कपाळाला टेंगूळ घेऊन मी खाली आलो आणि जेवताना संतापून म्हणालो, "मला कबाडी घेणार नाही काय? बघतोच!"

निर्मलाचा हात वाढता वाढता थांबला.

"तुमाले कसं मालूम?"

आई माझ्या कपाळाकडे बघून राहिली, मग छताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. निर्मलानं वरणाची वाटी माझ्या समोरून उचलून बेबीसमोर ठेवली. त्या दिवशी मला वरण मिळालं नाही. आणि त्या दिवसापासून आमच्या बायकांनी अंगणात बोलणंच बंद केलं. सगळं स्वयंपाकघरात, नळ सोडून! पाण्याची केवढी नासाडी, त्याचा राग मला येणार नाही तर काय?

अशा अपमानातूनच मोठे शोध लागतात. वरणावरूनच मला कल्पना सुचली.

भिलाईतलं वैशाखातलं ऊन तुम्ही पाहिलंय? लोखंड वितळवायला आम्ही कोळसा कशाला आणतो, असा प्रश्न पडावा असं ऊन. ते ऊन छतरीत गोळा करून मधोमध, डब्याच्या जागी, डाळीचं पातेलं टांगलं तर? गॅस नको, रॉकेल नको! लग्नघरात एवढा स्वयंपाक, निम्मा सूर्य करील! मी पावर हाउसला जाऊन चकचकीत फॉइलचे रोल आणले आणि दोन दिवस छतरीच्या आत बसून आतून फॉइल चिकटवली. एक सुरकुती ठेवली नाही. काम संपल्यावर ती अशी झळकली, की साहू भाभी त्यांच्या छतावरून डोळ्यांवर पदर ओढत ओरडल्या, "भैया, ये का बना डारे! आँखी फूट जाही!"

पहिली चाचणी मी काडीनं घेतली. मध्यावर लाकडाची काडी धरली. मनात एक, दोन म्हणेपर्यंत ती पेटली. मला जे वाटलं ते कोलंबसाला वाटलं असेल. मी "बेबेऽ, आईऽ, निर्मलाऽ" करत सगळ्यांना वर बोलावलं आणि दुसरी काडी पेटवून दाखवली.

"काडी पेटवाले माचिस नाई काय घरात?" आई म्हणाली.

"आई, ही काडी नाही, हे भविष्य आहे!"

"दादा, माझ्या लग्नापर्यंत जरा भूतकाळात राहशील का?" बेबी म्हणाली. (ती बी.ए. होती.)

आता खरं सांगतो, इथपर्यंत कोणाचंही नुकसान झालं नव्हतं. नुकसान झालं ते माझ्या चांगुलपणामुळे. आईच्या शेवया सुरू झाल्या होत्या. आई पाटावर, निर्मला आणि बेबी झेलायला. बांबू छताच्या त्या टोकाला, टाकीजवळ बांधलेला. पण तिथं दुपारी टाकीची सावली यायची आणि शेवया दमट राहायच्या. आई कुरकुरत होती. मला वाटलं, एवढा राग आहे माझ्यावर, एखादं काम त्यांच्या उपयोगाचं करावं. मी म्हणालो, "आई, बांबू छतरीच्या बाजूला बांधा ना. तिथं उजेड डबल पडतो. निम्म्या वेळात वाळतील."

आई संशयानं बघत राहिली. पण मी स्वतःच्या हातानं बांबूचं एक टोक छतरीच्या लोखंडी पायाला बांधलं आणि दुसरं कठड्याच्या गजाला. पहिल्या दिवशी चमत्कार! छतरी मी तिरपी करून ठेवली होती, नुसता हलका उजेड बांबूवर पडत होता, आणि शेवया दुपारपर्यंत खडखडीत. आई तारेवरून बोट फिरवत म्हणाली, "वाळल्या बाप्पा. मन्या, पहिल्यांदाच काई कामाचं केलं तू."

मनोहरचा मन्या करून का होईना, आईनं कौतुक केलं. माझी छाती फुगली. तिथंच घात झाला. कौतुक झालेला माणूस दुसऱ्या दिवशी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शेवया वर होत्या. शेवटचा घाणा, सर्वात लांब, आईच्या हातच्या, बांबूवर एकीला एक लागून, सोनेरी पडद्यासारख्या. मला दुपारी दोनची शिफ्ट. मी विचार केला, आज डाळीची खरी परीक्षा. जाताना पातेलं टांगून जावं, आल्यावर शिजलेलं वरण खाली न्यावं आणि निर्मलासमोर ठेवावं. माझं हिरावलेलं वरण! मी छतरी आकाशाकडे वळवली, सूर्य बरोबर डोक्यावर, पातेल्याच्या बुडावर उजेडाचा पांढरा गोळा असा नेमका पडला की मी स्वतःशीच टाळी वाजवली. बाजूला शेवयांचा बांबू शांत, सुरक्षित. मी खाली येऊन म्हणालो, "वर डाळ लावली आहे. कोणी हात लावू नका. आपोआप होईल."

झालं. आपोआपच झालं.

आता इथं तुम्ही म्हणाल, सूर्य हलतो हे तुला कळत नव्हतं का? हेच सगळे म्हणतात! माझं उत्तर असं आहे, की मी आयुष्यभर भट्टीवर काम केलं. भट्टी जागची हलत नाही. सकाळी जिथं असते तिथंच संध्याकाळी असते. तुम्ही खिडकीपाशी उभे राहता, भट्टी तिच्या जागी उभी राहते, आणि दोघांचं जमतं. उष्णता देणारी वस्तू उठून चालायला लागते, हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. सूर्य पश्चिमेला सरकला तसा उजेडाचा गोळा पातेल्यावरून घसरला आणि पूर्वेला निघाला. पूर्वेला बांबू होता.

शिफ्ट ऑफिसात मला बोलावणं आलं. "घर से फोन है।" आमच्याकडे फोन नव्हता, साहू भाभींकडे होता.

"भैया, तोर छत ले धुआँ उठत हे!"

मी पक्का भट्टीवाला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "धुआँ किस रंग का है, भाभी?"

साहू भाभी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या टेबलावरचे साहेब मान वर करून बघू लागले. "रंग ला गोली मार! आगी लगे हे, आगी! झटकुन आ!"

मी स्कूटर कशी आणली मला आठवत नाही. लू चालली होती, डोळ्यात धूळ, आणि मी रस्ताभर एकटाच भांडत होतो, पिंटूशी, फॉइलवाल्याशी, सूर्याशी. घरी पोचून धडाधड जिना चढलो.

आग विझली होती. निर्मला रिकामी बादली हातात घेऊन उभी होती आणि ती बादली आता कुठं टाकावी याचा विचार करत माझ्याकडे बघत होती. बांबू मधोमध काळा पडून मोडला होता. बेबी फॉइलवर चादरी टाकत होती. आणि आई खाली फरशीवर बसली होती. तिच्या मांडीत शेवया होत्या. शेवया कसल्या, बोटभर बोटभर तुकडे. काही तांबूस, काही काळे, बाकीच्या बादलीच्या पाण्यानं भिजून लगदा झालेल्या.

मी काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, अगदी हळू, "मन्या, तुले भट्टीवर ठेवलं कोनं?"

ओरडली असती तर बरं झालं असतं.

निर्मला ओरडली. निर्मला ज्या क्रमानं तापत गेली तो मी शास्त्रीयदृष्ट्या सांगू शकतो. आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळी, आणि शेवटी पांढरी. पांढरं म्हणजे आमच्या खात्यात सगळ्यात वरचं. "पाच दिवस! पाच दिवस आईचे हात सुजले वो! तुमाले वरन पायजे होतं ना? घ्या! घ्या वरन!" आणि तिनं लोखंडी पायांवरून पातेलं काढून माझ्या हातात दिलं.

मी झाकण उघडलं. डाळ कच्ची होती. पाणी जेमतेम कोमट.

हे मात्र फार लागलं मला. बांबू जळतो, शेवया जळतात, आणि डाळ मेली कच्ची! मी तसं बोलूनही दाखवलं. बोलायला नको होतं. बेबी, जी इतका वेळ रडत होती, ती रडायची थांबली आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर अजून अधूनमधून राखीपौर्णिमेला दिसते.

लग्न आठवड्यावर आलं होतं. गहू थोडा उरला होता. निर्मला म्हणाली, "आई, राहू द्या. दुर्गच्या बाजारातून चांगल्या आनू, कोनाले कळनार हाय?"

"इहीनबाईले कळन," आई म्हणाली. "अन् मले कळन. गाव सोडून इथं आलो तवा ह्याचे बाबा म्हने, दोन-चार वर्सांत परत जाऊ. नाई गेलो. पोरं हिंदीत भांडतात, हिंदीत स्वप्न पाहतात. माह्याजवळ तिकडलं काय राह्यलं? हे हात राह्यले." तिनं सुजलेले हात पुढे करून पाहिले, आणि एकदम आवाज चढवून म्हणाली, "ए मन्या! उभा काय हायेस? गहू ओलव!"

आणि मग माझी शिक्षा सुरू झाली. मी रजा टाकली. छतरीला घरातल्या सगळ्या गोधड्या पांघरून, दोरीनं करकचून बांधून, तिला तापाच्या पेशंटसारखं झोपवलं. साहू भाभी आणि गल्लीतल्या आणखी दोघी रवा कुटायला आल्या. आणि बांबू? बांबू मोडला होता. नवीन आणायला मी निघालो, तर आई म्हणाली, "कायले? तू हायेस ना."

म्हणून तुमच्या माहितीसाठी सांगतो, बेबीच्या लग्नातल्या शेवया ज्यावर वाळल्या तो बांबू नव्हता. तो मी होतो. हात दोन्ही बाजूंना पसरून, खांद्यावर झाडूचा लांब दांडा आडवा बांधून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, वैशाखाच्या उन्हात मी उभा. हललो की शेवई तुटणार. नाक खाजवायचं नाही. शिंकायचं नाही. कावळा आला तर फक्त डोळे वटारायचे. सावली सरकली की आई पाटावरूनच हुकूम सोडायची, "मन्या, सूर्य हलला. तू बी हल!" आणि सगळ्या बायका फिदीफिदी हसायच्या. मला एवढा संताप यायचा! पण संतापलो की दांडा थरथरायचा, आणि दांडा थरथरला की आई म्हणायची, "राग नंतर कर."

पलीकडच्या छतावरून साहूजींनी विचारलं, "क्या भैया, योगासन?"

"शेवई," मी ओठ न हलवता म्हणालो.

शेवया मात्र झाल्या. मी हे मान्य करतो, रागात केलेल्या असूनही पहिल्यापेक्षा लांब झाल्या. हातभर नाही, दोन हात! लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर आईनं त्या निळ्या कागदावर मांडल्या. विहीणबाई चष्मा पुसत पुसत आल्या. लाडू पाहिले, करंज्या पाहिल्या, शेवयांपाशी थांबल्या. एक तार उचलली. उजेडात धरली. आई त्यांच्या मागे श्वास रोखून उभी, आणि आईच्या मागे मी, सवयीनं हात पसरून.

"भिलाईत कोनं केल्या ह्या?"

"घरीच केल्या जी," आई म्हणाली.

विहीणबाईंनी तार जपून परत ठेवली, कागदाची कड सारखी केली आणि आईचा हात हातात घेतला. उलटा करून तळवा पाहिला. "हात सुजले वो तुमचे," एवढंच म्हणाल्या. आईनं पदर डोळ्याला लावला. बस! तेवढं एक मिनिट त्या महिन्यात घरातलं कोणीही माझ्यावर रागावलेलं नव्हतं.

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण व्याही वर गेले.

आमचे व्याही, म्हणजे बेबीचे सासरे, नुकतेच रिटायर झालेले. रिटायर माणसाला मोकळं छत दिसलं की तो चढतो. मी त्यांना शोधत गेलो तर ते गोधड्यांभोवती फेऱ्या मारत होते.

"हे काय झाकून ठेवलंय जी?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला आदरानं छतरीबद्दल विचारत होतं! माझा बांध फुटला. मी गोधड्या सोडल्या. फॉइल उन्हात अशी लखाखली, की व्याही दोन पावलं मागे सरले आणि मग हळूच, देवळात जावं तसे पुढे आले. मी काडी पेटवून दाखवली. आवाज ऐकायची युक्ती सांगितली. कमळाची सांगितली. (बेडकाचं वगळलं.)

"अन् हिच्यात स्वयंपाक होते?"

"का नाही होणार!" मी म्हणालो. (डाळ कच्ची राहिली हा तांत्रिक मुद्दा होता.)

"आमच्या तुमसरात असं काईच नाई," व्याही छतरीच्या काठावरून हात फिरवत म्हणाले. "मले सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळच वेळ."

मी दिलदार माणूस. "घेऊन जा," म्हणालो.

खाली ही बातमी समजली तेव्हा घरात दोन मतं झाली. आई आणि निर्मला एवढ्या खूश झाल्या, की निर्मलानं मला पंगतीत आग्रह करून दोनदा वरण वाढलं. दुसरं मत बेबीचं होतं, पण ती मुंडावळ्यांत होती, तिला बोलता येत नव्हतं.

बिदाईच्या वेळी वऱ्हाडाच्या बसच्या टपावर चार माणसांनी मिळून छतरी चढवली. उतरवायची मजुरी शेवटी पिंटूची वाचलीच, पण जाऊ द्या. बेबी बसच्या खिडकीत बसून हमसाहमशी रडत होती. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय, रडणारच. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "बेबे, रडू नको, मी येत जाईन."

"दादा," ती दात ओठ खाऊन म्हणाली, "तू ये. ती कायले पाठवून राह्यला?"

बस निघाली. वळणावर टपावरच्या छतरीवर ऊन पडलं आणि रस्त्यावरच्या दोन सायकलवाल्यांनी डोळे झाकून ब्रेक मारले.

पुढचं वर्षभर घरात शांतता होती. छत मोकळं, आईच्या शेवया, पापड, वड्या जिथं हव्या तिथं. मी रिकाम्या छताकडे बघून उसासे टाकायचो. मग पुन्हा वैशाख आला. एका संध्याकाळी साहू भाभींनी भिंतीवरून हाक मारली, "भैया, तुमसर ले फोन हे! जल्दी आवव!"

मी धावत गेलो. फोनवर बेबी. आवाज खरखरत होता, पण त्यातलं टेम्परेचर मी एका सेकंदात ओळखलं. पांढरं.

"दादा! सासूबाईच्या शेवया जळल्या! वर्षाच्या सगळ्या! सासरे छतरी लावून बँकेत गेले होते! सासूबाई म्हणतात, तुमच्या घरून काय काय आलंय ते एकदा सांगा म्हणे! आता मी काय तोंड दाखवू? दादा, ऐकतोयस ना? बोल ना काही!"

ती माझी बहीण, तिचं घर नवीन, आणि दोष माझा असल्यासारखं सगळं दिसत होतं. अशा वेळी मोठ्या भावानं दोन शब्द धीराचे बोलायला हवेत. ते माझ्या ओठावर आलेही होते. पण आधी दुसरंच निघून गेलं.

"बेबे," मी विचारलं, "आणि डाळ? डाळ शिजली का?"

फोन कट झाला. त्या दुपारीसुद्धा मी ड्यूटीवरच होतो, हे सांगायचं राहूनच गेलं.